वणव्यावर जाताना अंगावर काय, सॅकमध्ये काय: नाशिकच्या डोंगरांसाठी

फेब्रुवारी संपत आला की नाशिककरांच्या मोबाईलवर तो फोटो यायला लागतो. अंधारात डोंगराच्या अंगावर नारिंगी रेघ, आणि खाली एकच ओळ: "कोण कोण येतंय?" कधी ती रेघ रामशेजच्या बाजूला असते, कधी ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या रांगेत, कधी पांडवलेण्यांच्या डोंगरावर. वाचणारा नुकताच कामावरून घरी आलेला असतो. अंगात जिमचा टी-शर्ट, पायात स्पोर्ट्स शूज, हातात अर्धी भरलेली बाटली. तसाच गाडी काढून निघतो.

मीही सुरुवातीला तसाच जायचो. माझ्या डाव्या खांद्यावर रुपयाएवढा एक डाग आहे. वाऱ्याने उडालेली एक ठिणगी, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षाही लहान, टी-शर्टवर पडली. मी ती लगेच झटकली. पण कापड पॉलिएस्टरचं होतं. ते वितळून कातडीला चिकटलं आणि घरी आल्यावर सोलून काढावं लागलं. सुती सदरा असता तर भोक पडलं असतं, थोडं चटकलं असतं, तेवढ्यावर भागलं असतं. म्हणून वणव्यावर जाणारा नवीन मुलगा "सॅकमध्ये काय घेऊ?" असं विचारतो तेव्हा मी आधी त्याच्या अंगावरचे कपडे बघतो.

भरायला बसण्याआधी

वणवा विझवणं हे वनविभागाचं काम आहे आणि आपण त्यांच्या मदतीला जातो, हे आधी मनात पक्कं असू द्या. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो. आग दिसली की पहिला फोन वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर, दुसरा त्या भागाच्या वनरक्षकाला. त्याचा नंबर हंगामाआधीच घेऊन ठेवा. आग नेमकी कुठे आहे, वर कोण गेलंय आणि वाट कोणती, हे त्याच्याकडून कळल्याशिवाय गाडी काढू नका. एकट्याने जायचं नाही. अठरा वर्षांखालच्या कुणाला वर न्यायचं नाही. दमा, हृदयाचा त्रास किंवा रक्तदाब असेल त्याने खाली पाणी, गाड्या आणि फोन सांभाळावा. खाली असा एक भरवशाचा माणूस नसेल तर वरच्यांचे हाल होतात.

एक गोष्ट शहरातल्या मुलांना आवर्जून सांगावी लागते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडे उन्हाळ्यात धूर दिसला की तो वणवाच असतो असं नाही. भाताच्या रोपासाठी शेतकरी राब भाजतात. पालापाचोळा, गोवऱ्या, गवत पसरून रोपाच्या जागेपुरतीच ती जाळणी असते आणि शेतकरी तिथे उभा असतो. ती विझवायला धावू नका. राबाची आग वाऱ्याने जंगलात शिरली तर मात्र तोच शेतकरी तुमच्या आधी आग झोडपायला ओल्या पाल्याचा डहाळा घेऊन पळालेला दिसेल. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. पण गावकऱ्यांशी बोलण्याची सुरुवात तिथून करू नये.

इंटरनेटवर अशा सामानाच्या याद्या शोधल्या तर बहुतेक अमेरिकेतल्या सापडतात. तिथले वणवा दलाचे लोक एकेका कामगिरीवर १४ दिवस राहतात. मोठ्या बॅगेला ४५ पौंडांची, म्हणजे साधारण २० किलोंची मर्यादा असते आणि आगीवर पाठीला लावायच्या पिशवीला २० पौंडांची, म्हणजे ९ किलोंची. तंबू, झोपायची पिशवी, आगीपासून आडोसा देणारं चकाकतं आवरण, सगळं त्यात असतं. आपल्याकडची बहुतेक आग गवताची, उतारावरची आणि एका रात्रीची. तिथली यादी जशीच्या तशी उचलली तर चढावर दमछाक होईल आणि निम्मं सामान उघडलंही जाणार नाही. ९ किलोंचा आकडा मात्र मी घेतला आहे. पाण्यासकट माझी सॅक त्याच्या आत बसते.

कपडे: धागा जाळून बघा

पॉलिएस्टर साधारण २५० अंशांच्या पुढे वितळतं, नायलॉनचे काही प्रकार त्याच्याही आधी. सुती कापड वितळत नाही, करपतं. हा फरक लेबलवर कळत नसेल तर घरीच तपासा. कपड्याच्या आतल्या शिवणीतून बोटभर धागा ओढा, चिमट्यात धरा आणि मोरीपाशी उभं राहून काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, कागदाचाच वास येतो आणि चिमटीत मऊ राख उरते. पॉलिएस्टरचा धागा आगीपासून आक्रसतो, त्याचा काळा टणक मणी होतो. गार झाल्यावर तो मणी नखाने फोडून बघा, फुटत नाही. असा मणी कातडीवर कसा बसत असेल हे एकदा बघितलं की पुढे कुणी सांगावं लागत नाही.

सदरा पूर्ण बाह्यांचा, जाड सुती किंवा खादीचा, एक माप सैल घ्या. कापड आणि कातडी यांच्यात हवा राहिली पाहिजे. बाह्या खाली, मनगटाची बटणं लावलेली, गळ्याचं बटणही लावलेलं. उकडतं, पण बाह्या वर करायच्या नाहीत. रंग भडक निवडा, पिवळा किंवा केशरी. खाकी आणि काळा कपडा धुरात दिसत नाही. आगीला दाद न देणाऱ्या खास कापडाचे कपडे मिळाले तर उत्तमच, पण ते नाहीत म्हणून अडून बसायचं कारण नाही.

पँट सुती ड्रिलची. जीन्स चालेल, पण ताणली जाणारी नको, तिच्यात कृत्रिम धागा असतो. पँटचा पाय बुटाच्या बाहेर सोडा. बुटात खोचला तर निखारे थेट घोट्याशी जाऊन अडकतात. आतले कपडे आणि मोजेसुद्धा सुतीच हवेत. लोक नेमकं हेच विसरतात. मोजे जाड आणि लांब घ्या, कारण नाशिकच्या माळावरची कुसळं पातळ मोज्यातून आत शिरतात आणि रात्रभर टोचत राहतात.

पाय

खर्च करायचाच असेल तर बुटांवर करा. आमच्यातल्या एकाच्या स्पोर्ट्स शूजचा तळ गरम राखेत चालताना पुढून सुटला आणि चपलेसारखा फटफटायला लागला. चिकटवलेल्या तळाचं असंच होतं, डिंक उष्णतेने मऊ पडतो. काळोखात, घसरड्या उतारावर दोघांनी धरून त्याला खाली आणायला दोन तास गेले. तेवढा वेळ आगीवरची तीन माणसं कमी झाली.

घोट्याच्या वर येणारे, लेस बांधायचे, चामड्याचे बूट घ्या. अंबड-सातपूरच्या कारखान्यांना सेफ्टीचा माल पुरवणाऱ्या दुकानांत ते मिळतात. दुकानदाराला "नायट्राइल रबरचा सोल" असं स्पष्ट सांगा. बुटावर एचआरओ ही अक्षरं असतील तर त्या तळाची चाचणी ३०० अंशांच्या तापलेल्या पृष्ठभागावर झालेली असते. पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेनचा, तळ हलका आणि आरामशीर असतो, पण या कामाचा नाही. शिवाय पीयूचे बूट दोन-चार वर्षं कपाटात पडून राहिले तर तळाचा आपोआप भुगा होतो. जुने बूट असतील तर निघायच्या दिवशी नव्हे, आदल्या महिन्यात अंगठ्याने दाबून बघा.

नवे बूट थेट आगीवर घालू नका. निदान दोन-तीन आठवडे रोज घाला, पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढा-उतरा, भरलेली सॅक पाठीला लावून. अमेरिकेत आगीवर जाणाऱ्यांना २० किलो पाठीवर घेऊन ४५ मिनिटांत ३ मैल, म्हणजे पावणेपाच किलोमीटरच्या थोडं वर, सपाटीवर चालून दाखवावं लागतं. आपल्यावर तशी सक्ती नाही. तरी गंगापूर रोडला एकदा पहाटे स्वतःची सॅक घेऊन तेवढं अंतर चाला. कुठे घासतं, कुठे फोड येतो ते तिथेच कळेल.

डोकं, डोळे, तोंड, हात

हेल्मेट कारखान्यात वापरतात ते, आयएसआय खुणेचं आणि हनुवटीच्या पट्ट्याचं. रात्री उतारावर वरून दगड सुटतात, जळालेली फांदी पडते. चष्मा बाजूंनी बंद असलेला, पारदर्शक काचेचा. काळ्या काचेचा रात्री निरुपयोगी. कॉन्टॅक्ट लेन्स लावून जाऊ नका.

तोंडाला कोरडा सुती पंचा बांधा. बरेच जण तो पाण्यात बुडवून बांधतात आणि नव्यालाही तसंच शिकवतात. ते चुकीचं आहे. गरम हवा ओल्या कापडातून आत गेली की दमट होते, आणि दमट गरम हवा श्वासनलिकेला कोरड्या हवेपेक्षा जास्त भाजते. औषधाच्या दुकानातला निळा मास्क तर लावूच नका, तो प्लास्टिकच्या धाग्याचा असतो. आणि कुठलंही कापड धुरातला कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर धुरातून बाजूला होणं हाच इलाज.

हातमोजे चामड्याचे. वेल्डिंगचे कोपरापर्यंतचे मोजे भक्कम असतात, पण त्यात बोटं नीट वाकत नाहीत आणि डहाळ्याची पकड सुटते. मनगट झाकणारे, पातळ चामड्याचे घ्या. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरी काढून ठेवा. हात भाजून सुजला की अंगठी कापावी लागते.

पाणी आणि खाणं

माणशी ४ लिटर. याहून कमी घेऊन मी वर जात नाही. एका मोठ्या कॅनऐवजी एक-एक लिटरच्या चार बाटल्या घ्या. एक सांडली, फुटली, तरी तीन राहतात. यातली एक बाटली पिण्याच्या हिशोबात धरूच नका, ती भाजलेल्या जागेवर ओतण्यासाठी आहे. त्यावर लाल चिकटपट्टी लावा, म्हणजे घाईत कुणी पिणार नाही. तहान लागण्याची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्या.

ओआरएसची पाकिटं किमान तीन. पाकिटावर एक लिटर लिहिलेलं असेल तर एकच लिटर घ्या. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट टाकून फायदा नसतो, उलट त्रास होतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, चहाच्या चमच्याने. कोल्ड्रिंक आणि एनर्जी ड्रिंक नको.

खाण्याचं साधं ठेवा: गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर आणि आपल्याकडचे बेदाणे. हातमोजा काढून एका मुठीत तोंडात टाकता येईल असं काही. दशम्या करून कुणी दिल्या तर सोन्याहून पिवळं, त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. चिवडा नेऊ नका. नाशिकचा चिवडा मला जीव की प्राण आहे, पण तो पाणी मागतो.

उजेड आणि संपर्क

हेडटॉर्च हवाच, हातात धरायच्या बॅटरीने एक हात अडतो. तरीही एक छोटी बॅटरी जोडीला ठेवा. जादा सेल घ्या आणि त्यांची टोकं चिकटपट्टीने झाका, म्हणजे सॅकमध्ये नाण्याला किंवा किल्लीला लागून तापणार नाहीत.

मोबाईल पूर्ण चार्ज, नकाशा आधीच उतरवून घेतलेला. ब्रह्मगिरीच्या पाठीमागे किंवा हरिहरच्या बाजूला रेंजचा भरवसा नाही. रेंज शोधत राहून फोन दोन तासांत मरतो, त्यामुळे मधल्या वेळात फ्लाइट मोडवर टाका. गळ्यात एक शिट्टी. आमच्यात तीन लांब शिट्ट्यांचा अर्थ ठरलेला आहे: हातातलं सोडा आणि ठरलेल्या जागी या. तुमचा अर्थ तुम्ही ठरवा, पण गाडीपाशीच, सगळ्यांदेखत.

ती ठरलेली जागा कोणती? बहुतेक वेळा आधीच जळून काळा झालेला पट्टा. तिथे जळायला काही उरलेलं नसतं. आग चढाकडे पळते. उतार दर १० अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा आहे. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला, उभ्या गवतात कधीही थांबू नका. सॅक कितीही चांगली भरलेली असली तरी तिथे ती वाचवणार नाही.

औषधाची पिशवी

छोटी ठेवा. निर्जंतुक गॉझ, रुंद बँडेज, चिकटपट्टी, चिमटा, सलाइनची छोटी बाटली डोळे धुवायला, स्वतःची रोजची औषधं. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं वाहतं गार पाणी हा खरा उपचार. डोंगरावर तेवढं पाणी नसतं, म्हणून लाल पट्टीची बाटली हळूहळू ओता, स्वच्छ कापड सैल गुंडाळा आणि माणसाला खाली पाठवा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका.

आग लागली की साप आणि विंचू बिळातून बाहेर येतात. घोणस आणि फुरसं आपल्या डोंगरांत आहेच. दंश झाला तर कापू नका, आवळून बांधू नका, अवयव हलवू न देता उचलून न्या आणि १०८ ला फोन लावा. कड्यांवर आग्या मोहोळ असतं आणि धुराने ते उठतं. त्याच्यासाठी सॅकमध्ये एक मोठी सुती चादर ठेवलेली बरी. डोक्यावरून ओढायची आणि सरळ दूर जायचं. जखमीला झाकायलाही तीच उपयोगी पडते.

हत्यारं

ती बहुतेक वनविभागाकडून मिळतात: फायर बीटर (लांब दांड्याचं, आग दाबून विझवायचं साधन), दाताळं, कधी ब्लोअर (जोरात हवा फुंकणारं यंत्र). ब्लोअर शिकलेल्या माणसानेच चालवावा, उलट्या बाजूने फुंकला तर आग पसरते. आपण एक कोयता म्यानात घालून न्यावा. ओल्या पाल्याचा डहाळा तिथेच तोडता येतो, फक्त मोजकाच तोडा. डहाळा डोक्यावरून आपटू नका, ठिणग्या मागच्या गवतात पडतात. ज्योतीवर दाबायचा आणि जळलेल्या बाजूला ओढायचा.

सॅक भरताना

३० लिटरची सॅक पुरते. पाणी पाठीला चिकटून, मध्यावर. तळाशी चादर. वरच्या कप्प्यात औषधाची पिशवी आणि बॅटरी, न बघता हात घालून सापडली पाहिजे. कमरेच्या पट्ट्याच्या खिशात खाणं. चष्मा आणि हातमोजे सॅकमध्ये नाहीत, गाडीतून उतरतानाच अंगावर. बाहेर काहीही लोंबकळत ठेवू नका, करवंदीच्या जाळीत अडकतं.

सॅक पाठीवरून काढायची नाही. एकदा दम लागला म्हणून एकाने ती गवतात ठेवली. वारा फिरला आणि दहा मिनिटांत तिथे वितळलेल्या झिपा उरल्या. मोटारसायकलची किल्ली आतच होती. तेव्हापासून किल्ली, थोडे पैसे आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी सदऱ्याच्या बटणाच्या खिशात.

लायटर, परफ्यूमचा डबा, सॅनिटायझर आणि पेट्रोलची बाटली घरी ठेवा. ड्रोनही नको, वर नजर लावून चालणारा माणूस खड्ड्यात जातो.

गाडीत दुसरी पिशवी: कोरडे कपडे, चप्पल, टॉवेल, पाच लिटरचा कॅन, जास्तीचं खाणं. गाडी तोंड रस्त्याकडे करून मोकळ्या मातीवर लावा. वाळल्या गवतावर लावली तर तापलेल्या सायलेन्सरनेच नवी आग लागते.

परत आल्यावर

बुंधे आणि शेणाचे पो रात्रभर धुमसतात, त्यामुळे वनरक्षक सांगेपर्यंत खाली उतरू नका. अंजनेरीच्या कड्यावर गिधाडांची घरटी आहेत, पिल्लं वाढण्याचा काळ नेमका वणव्याच्याच दिवसांत येतो. आणि तिथल्याच माथ्यावर सेरोपेजिया अंजनेरिका ही खरचुडीच्या कुळातली वनस्पती आहे, तिला नावच त्या डोंगराचं मिळालं आहे. धुमसता बुंधा अर्धवट सोडून आलो तर पहाटेच्या वाऱ्याने तो पुन्हा पेटतो.

घरी आल्यावर कितीही झोप आली तरी तीन कामं उरकून घ्या. कपडे वेगळे धुवा, राख आणि तेलाचे डाग राहिले तर पुढच्या वेळी कापड लवकर पेटतं. बुटांतून मोजे काढून कुसळं चिमट्याने उपसा आणि बूट सावलीत वाळवा, चुलीपाशी नको. मग संपलेलं भरा: ओआरएस, सेल, गॉझ, लाल पट्टीची बाटली. माझी सॅक १५ जूनपर्यंत दाराच्या मागच्या खिळ्यावर भरलेलीच असते. पावसाने जोर धरला की सेल काढतो, बाटल्या उलट्या करून वाळवतो, बुटांना तेल लावून त्यांत वर्तमानपत्राचे बोळे घालतो, आणि पुढच्या जानेवारीत तळ अंगठ्याने दाबून बघायचं कॅलेंडरवर लिहून ठेवतो.